रताळ्याचा तोठरा आणि सायडरचा घोट : आशियाई मालिकांवरची प्रेक्षकांची मतं वाचायची कशी

मालिकेची नायिका सगळं निमूट सोसते आहे, खरं सांगायला तोंड उघडत नाही आणि एका वाक्यात मिटला असता असा गैरसमज चार-चार भाग ताणला जातो आहे, असं झालं की कोरियातले प्रेक्षक एकच शब्द लिहितात : गोगुमा. गोगुमा म्हणजे रताळं. उकडलेलं रताळं पाण्याशिवाय भराभरा खाल्लं की घशात जे होतं, त्याला आपण तोठरा बसला म्हणतो. अगदी तोच अनुभव. मग कधीतरी ती नायिका समोरच्याला थेट तोंडावर सुनावते आणि लोक लिहितात : साइदा. साइदा, म्हणजे ‘सायडर’, हे तिकडचं लिंबाच्या चवीचं, फसफसणारं, थंडगार पेय. एक घोट घेतला की घसा मोकळा.

मला हे दोन शब्द फार आवडतात, कारण आपल्या मनात काय चाललंय हे प्रेक्षकाने त्यात किती नेमकं पकडलंय. आणि म्हणूनच वाईट वाटतं की आपण एखादी कोरियन, चिनी किंवा जपानी मालिका निवडताना असले शब्द कधी वाचत नाही. आपण आकडा बघतो. दहापैकी साडेआठ? लावा. सहा? सोडा. हा आकडा कुणी दिला, कधी दिला आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दिला, हे विचारल्याशिवाय तो वाचताच येत नाही. ते कसं विचारायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

सुरुवात एका रात्रीपासून करते. २५ डिसेंबर २०२२. जेटीबीसी या कोरियन वाहिनीवर ‘रीबॉर्न रिच’ या मालिकेचा सोळावा, म्हणजे शेवटचा भाग होता. गोष्ट अशी : एका बड्या उद्योगसमूहाच्या मालक-कुटुंबाची इमानेइतबारे सेवा करणारा कर्मचारी. त्याच्यावर घोटाळ्याचा आळ ढकलून त्याला ठार मारतात. डोळे उघडतो तर तो १९८७ सालात, त्याच घराण्यातला सगळ्यात धाकटा नातू म्हणून. पुढे काय घडणार ते त्याला ठाऊक आहे. त्या जोरावर तो एकेक पाऊल टाकत आजोबांची कंपनी ताब्यात घ्यायला निघतो. पंधरा भाग लोक जीव मुठीत धरून बघत होते. आजोबा आणि नातू यांच्यातली झुंज आणि माया तर इतकी सुंदर लिहिली होती की काही प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिलेत. आणि शेवटच्या भागात नातू अपघातात मरतो, कर्मचारी आपल्या मूळ देहात जागा होतो. मधे गेलेला काळ, फक्त आठवडाभर.

ज्या वेब-कादंबरीवर मालिका बेतली होती, तिच्यात असं होत नाही. प्रेक्षक भयंकर चिडले. पंधरा भाग मग आम्ही काय बघितलं, असा सूर सगळीकडे होता. आणि त्या भागाचं रेटिंग, म्हणजे टीव्हीवर तो बघणाऱ्या घरांचं प्रमाण? २६.९ टक्के. त्या मालिकेचं सर्वोच्च.

हे कोडं सुटलं की निम्मा विषय कळला असं समजा. रेटिंग मोजलं जातं ते माणूस बघत असताना. मत तयार होतं ते बघून झाल्यावर. शेवटच्या भागाचं रेटिंग म्हणजे आधीच्या पंधरा भागांना मिळालेली पावती असते. शेवट आवडला की नाही हे त्या आकड्यात येऊच शकत नाही. ‘किती जणांनी पाहिलं’, ‘किती जणांना आवडलं’ आणि ‘किती जण त्यावर बोलले’ हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. आपण तिन्हींची उत्तरं एकाच पिशवीत टाकतो आणि मग गोंधळतो.

उलटी गोष्टही बघा. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू’ ही स्वमग्न वकील तरुणीची मालिका जून २०२२ मध्ये ईएनए नावाच्या एका छोट्या वाहिनीवर लागली. ही वाहिनी आपल्या टीव्हीवर कितव्या नंबरला येते, हेही अनेकांना शोधावं लागत असणार. पहिल्या भागाचं रेटिंग ०.९ टक्के. ऑगस्टमध्ये शेवटचा भाग १७.५ टक्क्यांवर गेला. दीड-दोन महिन्यांत एवढी चढण जाहिरातीने होत नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने घरी सांगितलं, यानेच होते. इथे मत आधी आलं आणि आकडा त्याच्यामागून धावत आला. मालिकेत गावच्या टेकडीवरचं एक जुनं झाड वाचवण्याचा खटला आहे. ते झाड खरंच आहे, छांगवॉन शहराजवळच्या एका खेड्यात, सुमारे ५०० वर्षांचं. मालिकेनंतर लोक ते बघायला गर्दी करू लागले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोरियन सरकारने त्याला नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. त्याच वेळी कोरियातच स्वमग्न मुलांचे काही पालक सांगत होते की आमची मुलं अशी नाहीत, इतकी हुशार आणि गोड नायिका बघून लोकांच्या मनात चुकीचं चित्र तयार होईल. हे मत १७.५ मध्ये कुठेच दिसत नाही. मला मात्र या मालिकेबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं मत तेच वाटतं.

शितावरून भात

आता हे टक्के येतात कुठून? पद्धत आपल्या टीआरपीसारखीच आहे. आपल्याकडे बार्क ही संस्था देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांतल्या टीव्हींना मीटर लावते आणि त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधते. कोरियात नील्सन कोरिया हेच करते, जपानमध्ये व्हिडिओ रिसर्च ही कंपनी १९६२ पासून करते आहे. निवडक घरं, प्रत्येक मिनिटाला कुठली वाहिनी लागली आहे त्याची नोंद, मग सरासरी. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काही नाही.

एवढ्याशा घरांवरून अख्ख्या देशाचं कसं कळणार, ही शंका बऱ्याच जणांना असते. पातेलं मोठं असलं म्हणून आपण जास्त शितं चेपून बघत नाही. भात सारखा शिजला असेल आणि शितं वरून, खालून, कडेने अशी सगळीकडून घेतली असतील तर चार शितं पुरतात. नमुन्याचा आकार बेताचा चालतो. तो कुठून घेतला याला खरी किंमत आहे. आणि जिथे नमुना मोबाइलवर बघणाऱ्यांना धरतच नाही, तिथे पातेल्याच्या तळाचा भात तपासायचा राहूनच जातो.

म्हणून जुने-नवे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. कोरियात १९९७ साली केबीएसच्या ‘फर्स्ट लव्ह’ या मालिकेने ६५.८ टक्के गाठले होते. ‘ज्वेल इन द पॅलेस’, म्हणजे राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजवैद्य झालेल्या जांगगमची गोष्ट, २००३-०४ मध्ये ५७.८ पर्यंत गेली. जपानची ‘ओशिन’ १९८३-८४ मध्ये वर्षभर रविवार सोडून रोज सकाळी पंधरा मिनिटं लागायची आणि तिची सरासरी ५२.६ होती, सर्वोच्च ६२.९. तेव्हा वाहिन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, टीव्ही घरात एक आणि तो सगळ्यांचा. आज ‘क्वीन ऑफ टिअर्स’ला २०२४ मध्ये २४.८ टक्के मिळाले तर तो टीव्हीएन वाहिनीचा विक्रम ठरतो. लोकांची आवड निम्म्यावर आली असा याचा अर्थ नव्हे. एका पंक्तीत जेवणारी माणसं आता आपापली ताटं घेऊन वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. जपानमध्ये तर २०२२ ची ‘सायलेंट’ टीव्हीच्या रेटिंगमध्ये साधारणच होती, पण नंतर सवडीने बघायच्या टीव्हर या सेवेवर तिने विक्रम केला.

नेटफ्लिक्सचे आकडे आणखी वेगळे. ‘स्क्विड गेम’ २०२१ मध्ये आली तेव्हा पहिल्या २८ दिवसांत १६५ कोटी तास बघितली गेली असं सांगितलं गेलं. तास मोजले की लांब मालिका आपोआप पुढे जाते, म्हणून २०२३ पासून त्यांनी एकूण तासांना मालिकेच्या लांबीने भागायला सुरुवात केली. तरीही तो ‘किती पाहिलं’ याचाच आकडा राहतो.

चीनची गोष्ट : पाणी, शेपटी आणि तारे

चिनी प्रेक्षकांचा एक शब्द आपल्याला भाषांतराविना कळेल : ‘जूश्वेई’. मालिकेत पाणी घातलंय. आपण जे बोलतो तेच, शब्दशः! याचं कारणही सरळ आहे. तिथे मालिका वाहिनीला विकताना दर भागाप्रमाणे पैसे मिळत, त्यामुळे भाग वाढवले की कमाई वाढली. लोक इतके वैतागले की दीडपट-दुप्पट वेगाने मालिका बघायची सवयच पडली. अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या नियामक संस्थेने सूचना काढली की मालिका ४० भागांपेक्षा लांब नको, ३० च्या आत असेल तर उत्तम. प्रेक्षकांची कुरकुर सरकारी कागदावर पोचल्याचं हे दुर्मिळ उदाहरण आहे.

चीनमध्ये मालिकेचा कस ठरतो तो दोउबान या संकेतस्थळावर. २००५ साली सुरू झालेलं हे संकेतस्थळ पुस्तकं, सिनेमे, मालिका यांना वाचकांनी तारे देण्यासाठी आहे. इथला गुणांक दहापैकी असतो, पण प्रेक्षक देतो ते एक ते पाच तारे, आणि एक तारा म्हणजे दोन गुण. म्हणजे दोउबानवर कुणी कितीही रागावला तरी शून्य देऊ शकत नाही. मोजपट्टी दोनपासून सुरू होते आणि तिचा मध्य पाच नसून सहा आहे. साडेपाच गुण दिसले की आपल्याला ‘काठावर पास’ वाटतं. प्रत्यक्षात ती मालिका मध्याच्या खाली आहे. ‘निर्वाणा इन फायर’सारखी २०१५ ची राजकीय सूडकथा तिथे नऊच्या वर टिकून आहे, तेव्हा त्या नवाला किती वजन आहे ते कळतं.

तिथे पुरेशी मतं जमा होईपर्यंत गुण दाखवतच नाहीत. गुण उघड होण्याच्या दिवसाची लोक दहावीच्या निकालासारखी वाट बघतात. त्या निकालावर डाव लावणारेही आहेतच. पैसे घेऊन खोटी मतं टाकणाऱ्या टोळ्यांना चीनमध्ये ‘जलसेना’ म्हणतात. नटाचे चाहते मालिका धड न बघता पाच तारे ओततात, प्रतिस्पर्ध्याचे चाहते एकेक. आयचियी या मालिका दाखवणाऱ्या मोठ्या चिनी ऑनलाइन व्यासपीठाने तर सप्टेंबर २०१८ मध्ये ‘इतक्या कोटी वेळा पाहिलं’ हा आकडा दाखवणंच बंद केलं, कारण त्याच्यावरचा विश्वास उडाला होता.

शेवट बिघडण्याबद्दल या तिन्ही देशांत वाक्प्रचार आहेत. कोरियात योंगदुसामी, ड्रॅगनचं डोकं आणि सापाची शेपटी. जपानीतही तीच म्हण चालते. चीनमध्ये ड्रॅगनऐवजी वाघाचं डोकं. शिवाय तिथे ‘लानवेई’ म्हणजे सडकी शेपटी हाही शब्द आहे. आपल्याकडे मालिकेचा शेवट बिघडला असं फारसं कुणी म्हणत नाही, कारण आपल्या मालिका संपतात कुठे, बंद होतात. सोळा भागांत संपणाऱ्या गोष्टीत शेवटावर सगळा भार असतो, म्हणून तिथला राग इतका जिव्हारी लागलेला असतो.

गाळणीतून आलेली मतं

मीटरचं शित आपण निवडतो. ऑनलाइन मतांचं शित स्वतः उडी मारून हातात येतं. ज्याला अतोनात आवडलं किंवा ज्याचा अतोनात अपेक्षाभंग झाला, तोच रात्री दोन वाजता बसून लिहितो. ‘बरी होती, जेवताना बघितली’ असं म्हणणारी बहुसंख्य माणसं गप्प असतात.

दुसरी गाळणी याहून छुपी आहे. पन्नास भागांची चिनी मालिका घ्या. ज्यांना ती पटली नाही ते चौथ्या-सहाव्या भागालाच उठून गेले आणि त्यातले फार थोडे गुण द्यायला थांबले. पन्नासाव्या भागाशी पोचले ते मुळातच तिच्यावर लोभ असलेले. म्हणून लांब मालिकांचे गुण शेवटाकडे फुगतात आणि आंतरराष्ट्रीय चाहत्यांच्या संकेतस्थळांवर जवळजवळ प्रत्येक मालिका आठच्या आसपास दिसते. तिथे सात म्हणजे सावध व्हावं असा आकडा आहे, आपल्याला वाटतो तसा ‘चांगली’चा नाही.

तिसरी गाळणी भाषेची. माझ्या मते हीच सगळ्यात दुर्लक्षित आहे, म्हणून इथे जरा थांबते. ‘स्क्विड गेम’मध्ये एक फाटक्या तोंडाची, सतत दुसऱ्यांना चिकटू बघणारी बाई आहे. एके ठिकाणी ती म्हणते की मी खूप हुशार आहे, फक्त मला शिकायची संधी मिळाली नाही. इंग्रजी सबटायटल्समध्ये त्याचं झालं, मी काही बुद्धिमान नाही पण जमवलं कसंबसं. ही तफावत कोरियन जाणणाऱ्यांनी तेव्हाच दाखवून दिली. एका वाक्यात त्या बाईची गरिबी, तिची चीड, तिचा हुकलेला जन्म सगळं होतं. ते पुसलं गेलं आणि उरली नुसती आगाऊ बाई. मग जगभरातल्या लोकांनी ‘हे पात्र उथळ आहे’ असं लिहिलं असेल तर ते मत कुणाबद्दल झालं? सबटायटल्सबद्दल.

मराठी प्रेक्षकाला इथे एक फायदा आहे आणि तो वापरावा असं मला मनापासून वाटतं. कोरियन भाषेत कुणाशी कुठल्या पायरीवरून बोलायचं याचे कडक नियम आहेत. दोघं जण आदराच्या बोलीतून सलगीच्या बोलीत येतात तो क्षण कित्येक मालिकांत पहिल्या चुंबनापेक्षा मोठा असतो. इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम, त्यामुळे इंग्रजी सबटायटल्स वाचणाऱ्याला काही घडलंय हेच कळत नाही आणि तो लिहितो, फार संथ आहे. आपल्याला ‘अहो’वरून ‘अरे’वर येणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. क्रियापदाच्या शेवटी येणारा ‘यो’ ऐकू यायचा थांबला की समजावं, तुम्ही संपलं, तू सुरू झालं. पुढची मालिका बघताना फक्त तेवढ्यावर कान ठेवा.

मत मालिकेत शिरतं तेव्हा

कोरियात अनेक वर्षं मालिका अक्षरशः हातघाईवर बनायची. आठवड्याला दोन भाग, चित्रीकरण प्रसारणाच्या दोन-चार दिवस आधीपर्यंत, संवादांची सुटी पानं सेटवर यायची. या सुट्या पानांना तिथे स्वतंत्र शब्दच आहे, च्चोकदेबोन. माणसं झोपेविना राबायची, ते वाईटच होतं. पण त्यामुळे सोमवारचा प्रेक्षक चिडला तर त्याचा परिणाम पुढच्या आठवड्यातल्या पानांवर दिसू शकायचा. दुय्यम पात्र लाडकं झालं की त्याचे प्रसंग वाढत. २०१६ ची ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ प्रसारणाआधीच पूर्ण तयार होती आणि तरी ३८.८ टक्क्यांपर्यंत गेली, तेव्हा आधी बनवून दाखवण्याला बळ मिळालं. २०१८ पासून आठवड्याला ५२ तासांची कामाची मर्यादा टप्प्याटप्प्याने लागू झाली, परदेशी व्यासपीठांचा पैसा आला. आता बहुतेक मोठ्या मालिका आधीच पूर्ण असतात. प्रेक्षकाच्या रागाने शेवट बदलण्याचे दिवस सरत चाललेत.

मग राग दुसरीकडून वाट काढतो. मार्च २०२१ मध्ये एसबीएसवर ‘जोसॉन एक्सॉर्सिस्ट’ ही ऐतिहासिक भयकथा लागली. एका प्रसंगात कोरियन राजपुत्र परदेशी पाद्र्याला जेवू घालतो आणि टेबलावर चिनी मूनकेक आणि चिनी पद्धतीची मुरवलेली अंडी. त्याआधीचे काही महिने किमची हे कोबीचं लोणचं कुणाचं, हानबोक हा पोशाख कुणाचा, यावरून कोरियन आणि चिनी लोकांत जोरदार वाद चाललेला. त्या ताटाने भडका उडाला. प्रेक्षकांनी वाहिनीला पत्रं लिहून भागवलं नाही, थेट जाहिरातदारांना गाठलं. एकेका कंपनीने अंग काढून घेतलं आणि दोन भागांनंतर, पहिल्या भागापासून पाचच दिवसांत, मालिका रद्द झाली. बरंचसं चित्रीकरण तोवर झालेलं होतं. एका ताटासाठी शेकडो लोकांची मेहनत गेली हे मला आजही पटत नाही. पण आपल्या इतिहासाच्या ताटात दुसऱ्याचा घास बघून लोकांना काय वाटलं असेल, हेही महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

तर एखाद्या मालिकेबद्दल वाचताना मी काय करते? आकडा बघते, पण तो पाहण्याचा आहे की आवडण्याचा, हे आधी ठरवते. मग दहा आणि एक गुण देणाऱ्यांना ओलांडून सहा-सात गुण देणाऱ्यांकडे जाते. तिथे माणसं सविस्तर लिहितात, अमुक भागापर्यंत उत्तम, मग पाणी घातलंय, नायिकेची मैत्रीण मात्र सुंदर. मालिका चालू असतानाची मतं आणि संपल्यानंतर वर्षभराने लिहिलेली मतं शेजारी ठेवून बघते. वर्षाने लिहिणाऱ्याच्या डोक्यातून नटाचा चेहरा आणि त्या आठवड्याची भांडणं गेलेली असतात. आणि आकडा न देता ‘गोगुमा’ असं लिहिणारा कुणी दिसला तर त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसतो.

आमच्या घरातलं मत मात्र यातल्या कुठल्याच नियमाला जुमानत नाही. ‘रिप्लाय १९८८’ ही सोलच्या एका गल्लीतल्या पाच घरांची गोष्ट. नायिकेचा नवरा यातला कोण, हे मालिका शेवटापर्यंत लपवते, आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात त्यावरून अख्ख्या कोरियात दोन तट पडले होते : काही झालं तरी नवरा जंगह्वानच म्हणणारे आणि तेकच म्हणणारे. दोन्ही बाजूंच्या घोषणांना लघुरूपंसुद्धा तयार झाली होती. आईने ही मालिका अलीकडे माझ्याबरोबर पाहिली. गल्लीतून ताटं झाकून शेजारी भाजी पोचवणाऱ्या पोरांचा प्रसंग लागला तेव्हा ती म्हणाली, हे तर आपलंच आहे. शेवट तेकच्या बाजूने लागला. आई अजूनही मानत नाही. जंगह्वान सिग्नलला अडकला नसता तर पोचला असता वेळेवर, असं ती भाजी निवडताना मधेच म्हणते, आणि मी मान हलवते.